धूर नसलेली धुरी : ‘फ्युमिगेट’ या एका क्रियापदाचं प्रकरण

“गोडाऊनला धुरी दिली आहे. आत जाताना तोंडाला फडकं बांधावं.”

वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेली ही दोन वाक्यं पुढे करत माझ्या इंग्रजीच्या वर्गातले एक गोदाम-सुपरवायझर म्हणाले, “मॅडम, शुद्धलेखन तेवढं बघा. उद्या सकाळी फाटकावर लावायचंय.”

शुद्धलेखनात एकही चूक नव्हती. पण दुसरं वाक्य माणसाच्या जिवावर बेतणारं होतं, आणि त्याचं मूळ मी दहा दिवसांपूर्वी फळ्यावर लिहिलेल्या एका अर्थात होतं. ती सूचना फाटकापर्यंत पोचली नाही. तरीही हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण कामापुरतं इंग्रजी शिकणारी मंडळी आणि त्यांना शिकवणारे आम्ही, दोघंही एका शब्दाला एक मराठी शब्द जोडून मोकळे होतो. बहुतेक वेळा ते निभावतं. ‘फ्युमिगेट’च्या बाबतीत निभावलं नसतं.

पनवेलला मी नोकरदारांसाठी संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग घेते. बंदर जवळ असल्यामुळे वर्गात कंटेनर यार्डातले, क्लिअरिंगच्या कचेरीतले, ट्रान्स्पोर्टवाले बरेच असतात. हे गृहस्थ तांदूळ निर्यात करणाऱ्या एका गोदामात सुपरवायझर आहेत, वय चाळिशीच्या पुढे. दहावीनंतर शाळा सुटली, पण गोदामातलं सगळं काम त्यांना तोंडपाठ आहे. हाताखाली माथाडींची टोळी, एक मुकादम आणि दोन वॉचमन. त्यांच्यापुढे एकाच आठवड्यात दोन कामं आली होती. आखातातल्या खरेदीदाराच्या ईमेलला उत्तर द्यायचं होतं. त्या ईमेलमध्ये विचारलं होतं, “प्लीज कन्फर्म दॅट द कन्साइनमेंट हॅज बीन फ्युमिगेटेड.” दुसरं काम असं, की गोदामात औषध टाकणाऱ्या एजन्सीनं दिलेला इंग्रजी कागद कामगारांना कळेल अशा मराठीत उतरवायचा होता. दोन्हीकडे शब्द एकच.

हा शब्द त्यांनीच आधी वर्गात विचारला होता, आणि मी अगदी आत्मविश्वासानं सांगितलं होतं : फ्युमिगेट म्हणजे धुरी देणे.

तो अर्थ मी हवेतून काढलेला नव्हता. लॅटिनमध्ये ‘फ्यूमस’ म्हणजे धूर. त्याला ‘आगेरे’ म्हणजे हाकणं, चालवणं, करणं हे क्रियापद जोडलं की ‘फ्युमिगारे’, धूर करणं. याच ‘आगेरे’मुळे ‘नॅव्हिगेट’ होतो, कारण ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि ते हाकायचं. ‘फ्यूमस’ आणि आपला संस्कृत ‘धूम’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. लॅटिनमध्ये सुरुवातीच्या ‘ध’चा ‘फ’ झाला, एवढाच फरक. म्हणजे धूम, धूम्र, धूर, धुरी हे सगळे ‘फ्युमिगेट’चे लांबचे भाऊबंद. ‘परफ्यूम’सुद्धा त्याच घरातला, ‘धुरातून’ आलेला सुगंध, आपल्या धूपासारखा. हे मी वर्गात रंगवून सांगितलं होतं आणि सगळ्यांना आवडलंही होतं. शब्दाचं कूळ कळलं की तो लक्षात राहतो, असं मी मानते आणि अजूनही मानीन. पण कूळ कळणं आणि आजचा वापर कळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या दिवशी मी पहिलीवरच थांबले.

आता आपली धुरी आठवून पाहा. बाळाला न्हाऊमाखू घातल्यावर शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, लसणीची सालं टाकून धुरी देतात. बाळ त्या धुरीवर धरलं जातं, आजी शेजारीच बसलेली असते. संध्याकाळी गोठ्यात कडुलिंबाचा पाला जाळून धूर करतात. गुरं तिथंच बांधलेली असतात. उलट त्यांच्या अंगावरच्या माश्या आणि डास जावेत म्हणूनच तो धूर. पोळं काढताना मधमाश्यांना धूर दाखवतात आणि काढणारा हातभर अंतरावर उभा असतो. मिरच्यांची धुरी तेवढी जाच म्हणून प्रसिद्ध, पण तिनंही डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, माणूस पळत बाहेर येतो आणि पाणी पिऊन सावरतो.

या सगळ्या धुरींमध्ये काही गोष्टी न बोलता गृहीत असतात. धूर दिसतो आणि वासही येतो. माणूस किंवा जनावर त्यातच असतं. काम पाच-पंधरा मिनिटांचं असतं. त्रास व्हायला लागला तर तोंडाला फडकं लावलं की भागतं. सुपरवायझरांनी दुसरं वाक्य कुठून आणलं हे आता उघड होईल. त्यांनी कागदाचं भाषांतर करता करता धुरीविषयी मराठी घरातला प्रत्येक माणूस जे जाणतो ते भर म्हणून घातलं होतं. कागदावर फडक्याचा उल्लेखच नव्हता. होतं ते एवढंच : “डू नॉट एंटर अंटिल एअरेटेड अँड क्लिअर्ड.” म्हणजे हवा खेळवून, तपासून मोकळीक मिळेपर्यंत आत जाऊ नका.

त्यांना मी विचारलं, “एजन्सीची माणसं नेमकं काय करतात? मला तिथं उभी असल्यासारखं सांगा.”

त्यांनी सांगितलं ते इथं जवळजवळ तसंच देते. पोत्यांच्या थप्पीवर जाड, गॅस न जाणारी ताडपत्री टाकतात. जमिनीला टेकलेल्या कडांवर वाळूनं भरलेल्या लांबलचक पिशव्या सापासारख्या ठेवतात, म्हणजे फट राहत नाही. आतमध्ये ट्रेमधून राखी रंगाच्या गोळ्या सरकवतात. गोळ्या ठेवणारे मास्क घालून भराभर काम उरकतात आणि निघतात. मग थप्पी पाच-सात दिवस तशीच. त्या दिवसांत गोदामाला कुलूप, दारावर कवटीचं चित्र. शेवटी एजन्सीचा माणूस येतो, दारं-खिडक्या उघडतो, ताडपत्री काढतो, पंखे लावतो आणि हातातल्या मीटरनं तपासतो. ट्रेमध्ये तेव्हा नुसती पांढुरकी भुकटी उरलेली असते.

“धूर कुठंय यात?” मी विचारलं.

ते थांबले. “धूर नाहीच दिसत मॅडम. मला वाटायचं ताडपत्रीच्या आत होत असणार.”

आतसुद्धा धूर होत नाही. त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलाव्याशी त्यांची क्रिया होऊन फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. तीन ग्रॅमची एक गोळी साधारण एक ग्रॅम वायू देते. वायूला रंग नसतो. भेसळीमुळे त्याला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, पण वास आला नाही म्हणजे धोका नाही असं धरता येत नाही. कामाच्या जागेवर आठ तासांसाठी मानलेली मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.३ भाग इतकी कमी आहे. फडकं, रुमाल, धुळीचा मास्क यांतलं काहीही हा वायू अडवत नाही. त्याला योग्य डबीचा गॅस मास्क किंवा हवेची टाकी लावलेलं उपकरणच लागतं. आपल्या देशात या गोळ्यांच्या वापरावर बंधनं आहेत, आणि तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय त्या हाताळायच्या नसतात. तरीही घरातल्या गव्हा-तांदळात किंवा ढेकणांसाठी कुणीतरी दिलेल्या अशा गोळ्या ठेवून आख्खं कुटुंब दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तिथंही बहुधा समज हाच असतो, की ही कीटकांची गोळी आहे, डांबरगोळीसारखी.

वायूच का लागतो, हे सुपरवायझरांनाच माहीत होतं आणि त्यांनीच वर्गाला समजावलं. सोंडकिड्याची मादी तांदळाच्या दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून बुजवते. पिल्लू दाण्याच्या आत वाढतं. पोत्यावर कितीही फवारलं तरी ते दाण्यात शिरत नाही. वायू मात्र पोत्यात, दाण्यांच्या फटींत, दाण्याच्या आत, सगळीकडे शिरतो. अंडी आणि कोष प्रौढ किड्यापेक्षा चिवट असतात, म्हणून इतके दिवस बंद ठेवायचं. हे ऐकताना माझ्या लक्षात आलं की क्रियापदाचा सगळा अर्थ त्यांच्याकडे आधीपासून होता. मी त्यावर ‘धुरी’ची चिठ्ठी चिकटवल्यामुळे तो झाकला गेला.

त्या संध्याकाळी मी ठरलेला धडा बाजूला ठेवला. फळ्यावर फक्त ‘फ्युमिगेट’ लिहिलं, अर्थ लिहिला नाही, आणि वर्गाला तीन प्रश्न विचारले : काय बंद करतात? कोण बाहेर जातं? परत आत यायचं की नाही हे कोण ठरवतं?

वर्गात एक परिचारिका आहेत. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे ओटी फ्युमिगेट करतात.” पूर्वी ऑपरेशन थिएटर बंद करून फॉर्मेलिनची वाफ सोडायचे, दाराच्या फटी चिकटपट्टीनं बुजवायचे, रात्रभर तसंच ठेवायचे आणि नंतर अमोनियानं तो वास मारायचे. फॉर्मेलिनमधलं फॉर्माल्डिहाइड कर्करोगाला कारण ठरतं हे मान्य झाल्यापासून बऱ्याच ठिकाणी दुसरी द्रावणं आली, यंत्रानं बारीक तुषार सोडायची पद्धत आली, पण ड्युटीवरच्या वहीत शब्द अजून तोच लिहितात. तिथं कीटक नाहीतच, जंतू आहेत. तरीही तिन्ही प्रश्नांची उत्तरं जुळली : खोली बंद, सगळे बाहेर, तपासल्याशिवाय आत नाही.

दुसऱ्या एक काकू मुलीकडे कॅलिफोर्नियाला जाऊन आलेल्या. त्यांनी आजवर वर्गात फारसं तोंड उघडलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “अहो, आमच्या लेकीचं घर तर तंबूत गुंडाळलं होतं!” तिकडे घरं लाकडी. कोरड्या लाकडात राहणारी वाळवी लागली की सगळ्या घरावर रंगीत पट्ट्यांचा प्रचंड तंबू चढवतात आणि आत सल्फ्युरिल फ्लोराइड सोडतात. काकूंना सगळं आठवत होतं. मांजर न्यावं लागलं, कुंड्या बाहेर काढाव्या लागल्या, उघडं अन्न आणि औषधं खास पिशव्यांत दुहेरी बांधावी लागली. दोन रात्री मोटेलमध्ये काढल्या, आणि कंपनीच्या माणसानं तपासून दारावर चिठ्ठी लावल्याशिवाय आत जायची परवानगी नव्हती. त्या वायूला तर वासच नसतो, म्हणून कुणी चुकून आत राहिलं तर डोळ्यांची आग व्हावी यासाठी थोडं क्लोरोपिक्रिन आधी सोडतात. काकू म्हणाल्या, “जावई म्हणत होते, वुई आर गेटिंग द हाउस फ्युमिगेटेड. मला वाटलं, वास्तुशांतीसारखं धूप वगैरे करतील.”

कॅलिफोर्नियाचं नाव निघालं म्हणून सांगितलं, की झाडावर तंबू टाकून आत विषारी वायू सोडायची पद्धत तिथंच १८८६ मध्ये सुरू झाली. संत्र्या-लिंबांच्या बागांवर पिठ्यासारख्या पांढऱ्या किडीनं धुमाकूळ घातला होता आणि हायड्रोजन सायनाइड वापरलं गेलं. मुंबईतल्या १८९६ च्या प्लेगनंतरच्या वर्षांत जगभरच्या बंदरांत जहाजांवरचे उंदीर मारायला जळत्या गंधकाचा वायू सोडू लागले. गंधक जळतं म्हणून तिथं धुराशी थोडंफार नातं उरलं होतं. पुढे गोळ्या आणि सिलिंडर आले आणि धूर संपला. शब्द मात्र तोच राहिला. पोटातला ‘फ्यूमस’ आता नुसत्या आठवणीपुरता आहे.

एवढं झाल्यावर मागच्या बाकावरून एकानं शंका काढली, आणि ती रास्त होती. पावसाळ्यात डासांसाठी गल्लीत जो भुर्र आवाज करत धूर सोडतात, त्याला वर्तमानपत्रात सरळ ‘फ्युमिगेशन ड्राइव्ह’ म्हणतात. सोसायटीच्या नोटिशीतही तसंच असतं. मग ते चूक का?

त्या कामाला इंग्रजीत नेमका शब्द ‘फॉगिंग’. आपल्याकडे धूरफवारणी म्हणतात आणि ते नाव चपखल आहे. डिझेल किंवा रॉकेलमध्ये कीटकनाशक मिसळून गरम नळीतून त्याचे अतिसूक्ष्म थेंब उडवतात. ते वायू नव्हेत, थेंब आहेत. उडत्या डासाला लागले तर तो मरतो; ते भिंतीत शिरत नाहीत, पोत्यात शिरत नाहीत, थोड्या वेळात खाली बसतात किंवा वाऱ्यावर जातात. जागा बंद नसते. पोरं त्या धुरामागे धावतात, तेही योग्य नाहीच, पण त्यानं कुणी जागच्या जागी पडत नाही. माझं मत मी वर्गात स्पष्ट सांगितलं. भारतीय इंग्रजीत ‘फ्युमिगेशन’ हा शब्द फॉगिंगसाठी रुळला आहे आणि सोसायटीच्या गप्पांत तो कानावर आला तर कुणाला दुरुस्त करत बसायची गरज नाही. पण गोदाम, जहाज, कंटेनर, प्रमाणपत्र यांच्या जगात हा सैलपणा चालणार नाही. ज्यानं आयुष्यभर गल्लीतल्या ‘फ्युमिगेशन’मधून स्कूटर नेली आहे, तो गोदामाच्या दारावरचा तोच शब्द वाचून कडी उघडू शकतो.

आता ईमेलकडे येते, कारण व्याकरणाचा खरा गाभा तिथं होता. सुपरवायझरांचं उत्तर असं : “यस सर, वी हॅव फ्युमिगेट द इन्सेक्ट्स ऑन मंडे.”

‘हॅव’नंतर ‘फ्युमिगेटेड’ हवं, आणि ‘ऑन मंडे’ असा ठरावीक दिवस सांगायचा तर ‘हॅव’ काढून साधा भूतकाळ वापरावा, हे दोन मिनिटांत झालं. मोठी चूक कर्माची होती. मराठीत आपण झुरळं मारतो, ढेकूण मारतो, उंदीर मारतो. मरतो तो कर्म. ‘फ्युमिगेट’चं कर्म मरणारा जीव नसतो. ज्यात वायू सोडायचा ती जागा किंवा तो माल हे त्याचं कर्म. ‘फ्युमिगेट द वेअरहाउस’, ‘फ्युमिगेट द कंटेनर’, ‘फ्युमिगेट द राइस’. किडीचं नाव घालायचंच असेल तर ते ‘फॉर’ किंवा ‘अगेन्स्ट’ लावून मागून येतं आणि वायूचं नाव ‘विथ’ लावून : ‘द स्टॅक वॉज फ्युमिगेटेड विथ फॉस्फिन अगेन्स्ट राइस वीव्हिल’.

इथं मात्र आपली धुरी मदतीला आली. बाळाला धुरी, गोठ्याला धुरी, घराला धुरी. ‘ढेकणांची धुरी केली’ असं कुणी म्हणत नाही. ज्याला धुरी द्यायची त्याला ‘ला’ लागतो, आणि तेच इंग्रजीत कर्म होतं. अर्थ सांगताना फसवा ठरलेला शब्द वाक्यरचनेत बिनचूक वाट दाखवत होता. म्हणून मी ‘धुरी’ वर्गातून हद्दपार केली नाही. ती कुठपर्यंत सोबत येते आणि कुठं थांबते एवढं सांगितलं.

मारल्या जाणाऱ्या जिवाला कर्म करायचं असेल तर इंग्रजीत ‘एक्स्टर्मिनेट’ आहे. त्याचं कूळ पाहिलं तर ‘टर्मिनस’ म्हणजे सीमा, ‘एक्स’ म्हणजे बाहेर. मूळ अर्थ अक्षरशः हद्दपार करणं. आज अर्थ समूळ मारणं असा आहे. घर ‘फ्युमिगेट’ करतात, उंदीर ‘एक्स्टर्मिनेट’ करतात.

“पण मॅडम, साहेबांना तर कळलंच असतं ना मला काय म्हणायचंय,” सुपरवायझर म्हणाले.

कळलं असतं, आणि नको ते जास्त कळलं असतं. ‘वी फ्युमिगेटेड द इन्सेक्ट्स’ वाचून खरेदीदाराच्या मनात पहिली गोष्ट काय येईल? तांदळात किडे होते! निर्यातीचा माल फ्युमिगेट करतात तो कीड दिसली म्हणूनच असं नाही. आयात करणाऱ्या देशाची अट असते, खरेदीच्या करारात असतं, काळजी म्हणून केलेलं असतं. ‘द कन्साइनमेंट वॉज फ्युमिगेटेड’ हे वाक्य किडीबद्दल काहीच बोलत नाही. ते फक्त मालाबद्दल बोलतं. कर्म बदललं की कबुली बदलते. हे सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला आणि तीन महिन्यांपूर्वीच्या अशाच एका ईमेलनंतर समोरून मालाचे फोटो का मागवले होते, याचा त्यांना उलगडा झाला. पक्कं कारण तेच होतं की नाही ते मी सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट कर्त्याची. ‘वी फ्युमिगेटेड’ म्हटलं तर काम यांनी केलं. प्रत्यक्षात ते परवानाधारक एजन्सीनं केलं होतं, आणि अशा कागदोपत्री व्यवहारात हा फरक मोलाचा. मराठीत आपण सहज ‘करून घेतलं’ म्हणतो. इंग्रजीत तेच ‘हॅड’ वापरून होतं : ‘वी हॅड द कन्साइनमेंट फ्युमिगेटेड.’ काकूंच्या जावयाचं ‘गेटिंग द हाउस फ्युमिगेटेड’ हाच साचा. वर्गानं केस कापून घेणे, दाढ काढून घेणे, घर रंगवून घेणे अशी दहा वाक्यं पटापट केली. कर्मावर मी अर्धा तास घालवला होता. हे पाच मिनिटांत बसलं.

मग प्रमाणपत्राचा एक जुना नमुना काढून त्याच शब्दाची पिल्लावळ पाहिली. वापरलेला वायू तो ‘फ्युमिगंट’, करणारा माणूस किंवा एजन्सी ‘फ्युमिगेटर’, काम ‘फ्युमिगेशन’. ‘फुमीगेशन’ नव्हे, ‘फ्यू’ लांबवून. एका रकान्यात मिथाइल ब्रोमाइड या दुसऱ्या वायूचं नाव होतं. ओझोनच्या थराला ते घातक म्हणून माँट्रियल करारानुसार विकसनशील देशांनीही २०१५ पर्यंत त्याचा सर्वसाधारण वापर थांबवायचा होता, पण क्वारंटाइन आणि माल चढवण्यापूर्वीच्या उपचारांना सूट आहे. त्यामुळे बंदरावर तो शब्द अजून भेटतो. लाकडी पॅलेटवर ‘एचटी’ असा शिक्का असतो, त्यालाही सुपरवायझर फ्युमिगेशनच समजत होते. तो शिक्का उष्णतेच्या उपचाराचा. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं, वायूचा संबंधच नाही. ‘द पॅलेट्स वर हीट-ट्रीटेड’ एवढंच म्हणायचं. ‘एमबी’ असा शिक्का असेल तेव्हा मिथाइल ब्रोमाइड.

कर्माबद्दल एक गोष्ट मी मुद्दाम थांबून सांगितली, कारण मला ती मनापासून महत्त्वाची वाटते. या क्रियापदांना माणूस हे कर्म लावायचं नाही. परिचारिकाबाईंनी लगेच २०२० ची आठवण काढली. त्या मार्चमध्ये उत्तर प्रदेशात बरेलीला घरी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर निर्जंतुकीकरणाचं द्रावण फवारलं गेलं, ती दृश्यं सगळ्यांनी पाहिली होती. एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सांगावं लागलं, की माणसांवर असं काही फवारू नये, त्यानं शरीराला इजा होते. त्या वेळी बोलण्यात ‘माणसं सॅनिटाइझ केली’ असं सर्रास यायचं. वस्तूसाठी असलेलं क्रियापद माणसाला लावलं गेलं होतं. वर्गात थोडा वेळ कुणी बोललं नाही.

राहिली होती फाटकावरची सूचना. ‘धुरीकरण’ असा एक शब्द सरकारी पत्रकांत आणि शेतीच्या पुस्तकांत आहे. मी आधी तोच सुचवला. सुपरवायझरांनी मान हलवली. “टोळीतल्या निम्म्या लोकांना ‘करण’ कळणार नाही मॅडम, ‘धुरी’ तेवढी कळेल. परत तेच होईल.” त्यांचं बरोबर होतं. कागदावर ‘धुरीकरण’ राहू दे; फाटकावर जे आत आहे तेच लिहायचं असं ठरलं. ‘क्लिअर्ड’ या शब्दावर आम्ही बराच वेळ अडलो. ‘साफ केल्यावर’ लिहिलं तर कुणीतरी झाडून घेईल. शेवटी त्यांनीच सरळ मराठीत मांडलं, आणि वर्गानं एकेक शब्द पारखून घेतला :

“आत विषारी गॅस सोडला आहे. गॅस दिसत नाही. वास आला नाही तरी आत गॅस असतो. कुलूप उघडू नये. फडकं किंवा साधा मास्क बांधूनही आत जाऊ नये. मीटरनं तपासून एजन्सीचा माणूस सही करेल, त्यानंतरच दार उघडेल.”

खाली तारीख, एजन्सीचा फोन आणि तेच सगळं हिंदीत, कारण टोळीत उत्तरेकडची मुलंही आहेत.

त्यांना एक विनंती केली : सूचना लावून निघून येऊ नका. दोघा-तिघांना वाचायला लावा आणि काय कळलं ते त्यांच्या तोंडून ऐका. पुढच्या वर्गाला ते वेळेआधी आले. म्हणाले, मुकादमानं घडाघडा वाचलं आणि मान डोलावली. मग त्यांनी टोळीतल्या सगळ्यात लहान मुलाला विचारलं, काय लिहिलंय रे?

“आत गॅस हाय, धूर नाय. जायाचा नाय.”

“आणि रुमाल बांधला तर?”

“तरी नाय.”